चोवीस क्रमांकाचा मुलगा

५ ऑगस्ट १९७६. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात सेंट पॉल या शहरात एका घरी फोन वाजला. सोळा वर्षांचा मुलगा शिकागोहून आईशी बोलत होता. नुकताच तो घर सोडून मोठ्या शहरात गेला होता. मी सुखरूप आहे एवढे त्याने आईला कळवले. त्यानंतर त्याचा आवाज घरच्या कुणालाही पुन्हा ऐकू आला नाही.

हा मुलगा कोणाच्या हाती लागला होता हे कळायला पुढे एकेचाळीस वर्षे जावी लागली. त्याचे नाव अमेरिकेच्या वर्तमानपत्रांत छापून आले आहे. ते इथे देत नाही, कारण तो कोणी प्रसिद्ध माणूस नव्हता, कुणाच्या तरी घरचा मुलगा होता. सरकारी कागदांवर मात्र तो कित्येक वर्षे 'मृत क्रमांक २४' होता.

मारणाऱ्याचे नाव जॉन वेन गेसी. शिकागोजवळ राहणारा, बांधकामाची कंत्राटे घेणारा माणूस. लहान मुलांच्या कार्यक्रमांत विदूषकाचा वेष करून जायचा, डेमोक्रॅटिक पक्षाचे स्थानिक काम करायचा. १९७८ मध्ये राष्ट्राध्यक्ष कार्टर यांच्या पत्नीबरोबर त्याने फोटोही काढून घेतला होता. अशा माणसावर संशय कोण घेणार? पण वाचक हो, त्याचा जुना कागद स्वच्छ नव्हता. १९६८ मध्ये आयोवा राज्यात एका किशोरवयीन मुलावरील लैंगिक अत्याचाराबद्दल त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली होती. त्यातून तो १९७० मध्येच सुटून बाहेर आला. गाव बदलले, धंदा बदलला, आणि शेजारीपाजारी त्याला भला माणूस म्हणू लागले.

१९७२ ते १९७८ या काळात त्याने तेहतीस मुले व तरुण मारले. कामाचे आमिष दाखवायचा, घरी न्यायचा. सव्वीस मृतदेह त्याच्या घराच्या जमिनीखालच्या बुटक्या पोकळीत सापडले, तीन त्याच आवारात, चार नदीत. घरात उग्र वास येई. तो सांगे, खाली ओल आहे. लोक ऐकून घेत.

आता प्रश्न असा की एवढी मुले नाहीशी होत असताना पोलीस काय करत होते? अनेक आईबापांना मिळालेले उत्तर एकच होते. पोरगा पळून गेला असेल, येईल परत. सोळा-सतरा वर्षांचा मुलगा, त्यात घरी कटकट झालेली असली, की तपासाची गरजच वाटत नसे. १९७५ साली नाहीशा झालेल्या एका तरुणाच्या वडिलांनी तर गेसीवर उघड संशय घेतला होता, पोलिसांना पुन:पुन्हा फोन केले होते. काही झाले नाही. आपल्याकडच्या चौकीत ज्या आया उभ्या राहिल्या आहेत, त्यांना हे उत्तर नवीन वाटणार नाही.

खून उघडकीस आले ते एका घराने हट्ट धरला म्हणून. ११ डिसेंबर १९७८ रोजी डेस प्लेन्स या उपनगरात औषधाच्या दुकानात काम करणारा पंधरा वर्षांचा मुलगा आईला म्हणाला, एका कंत्राटदाराशी कामाचे बोलून येतो, जरा थांब. त्या दिवशी आईचा वाढदिवस होता, ती त्याला घरी न्यायला आली होती. तो परतला नाही. घरच्यांनी त्याच रात्री तक्रार केली, आणि या वेळी पोलिसांनी ती मनावर घेतली. गेसीच्या घरातल्या कचऱ्यात फोटोची रीळ धुवायला दिल्याची एक पावती सापडली. ती त्या मुलाबरोबर दुकानात काम करणाऱ्या मुलीची निघाली. तिने त्याचा कोट घातला होता आणि पावती खिशातच राहिली होती. एवढ्याशा चिठ्ठीने तपासाला वळण दिले. दहा दिवसांत गेसी कोठडीत होता. १९८० मध्ये त्याला मृत्युदंड झाला, तो १० मे १९९४ रोजी अमलात आला.

सेंट पॉलच्या त्या माउलीला बातम्या वाचून शंका आली होती. १९७९ मध्ये तिने चौकशीही केली. पण तेव्हा ओळख पटवण्याचा मुख्य मार्ग म्हणजे दातांची तुलना. दंतवैद्याकडची नोंद, एक्स-रे असला तर जुळवता येई. तिच्याकडे तसा कागद नव्हता. डीएनए तपासणी तर तेव्हा अस्तित्वातच नव्हती. ती हात हलवत परतली. उत्तर मिळण्याआधीच तिचे निधन झाले.

एका कागदाअभावी आईची विचारणा तिथेच थांबली, ही गोष्ट मला खुनाच्या हकिगतीइतकीच अस्वस्थ करते. ज्या घरात दंतवैद्याकडे जाणे परवडत नाही, त्या घरच्या मुलाची नोंद कुठून येणार?

अनोळखी राहिलेल्यांचे दफन १९८१ मध्ये झाले, पण त्यांचे जबडे व दात पुढच्या तपासासाठी राखून ठेवले होते. २०११ मध्ये कुक काउंटीचे शेरीफ टॉम डार्ट यांनी आठ अनोळखी मृतांची प्रकरणे पुन्हा उघडली, अवशेष बाहेर काढून डीएनए मिळवला, आणि ज्यांची मुले त्या काळात हरवली त्यांनी पुढे यावे, असे जाहीर आवाहन केले. त्याच वर्षी एका एकोणीस वर्षांच्या तरुणाची ओळख पटली. या आवाहनामुळे इतर काही जुनी प्रकरणेही सुटली. मेला असेल असे समजून घरचे ज्यांच्यासाठी रडले होते, असे काहीजण चक्क जिवंत सापडले.

सेंट पॉलच्या कुटुंबात पुढच्या पिढीतल्या पुतण्याने काकाचा शोध पुन्हा हाती घेतला. भावंडांनी आपले नमुने दिले. १९ जुलै २०१७ रोजी शेरीफने जाहीर केले की चोवीस क्रमांकाचा मृत म्हणजे तोच मुलगा. फोन आला त्या ऑगस्टमध्येच, बहुधा लगेच, त्याचा जीव गेला असावा, असा तपासाचा निष्कर्ष आहे. म्हणजे आई पुढे जितकी वर्षे दारावरच्या प्रत्येक थापेला उठली असेल, तितकी वर्षे तो त्या घराखाली किंवा निनावी थडग्यात होता.

२०२१ मध्ये आणखी एकाचे नाव मिळाले. तो नॉर्थ कॅरोलायनाचा तरुण. त्याच्यासाठी दूरच्या नातेवाइकांच्या डीएनएवरून वंशावळ मांडत जाण्याची नवी पद्धत वापरली. त्यानंतर आठांपैकी पाच जण निनावी उरले. शेरीफच्या कार्यालयाने त्यांच्यासाठीही हेच मागितले आहे, की ज्यांचा मुलगा, भाऊ, मामा किंवा काका १९७०च्या दशकात हरवला, त्यांनी आपला नमुना द्यावा.