एआर-व्हीआर डिझाइनमध्ये उतरायचंय? मग आधी हेडसेट घेऊ नका!

एआर-व्हीआर डिझाइन म्हटलं की अनेकजण आधी हेडसेटच्या किमती शोधतात, नाहीतर लाखभराच्या कोर्सची चौकशी करतात. जरा थांबा. साठवलेले पैसे खर्च करण्याआधी आपला ग्राहक कोण, हे ठरवा.

दोन्हींत फरक काय?

व्हीआरमध्ये माणूस हेडसेट घालून पूर्णपणे वेगळ्या जगात जातो. एआरमध्ये समोरची खरी खोली तशीच दिसते, फक्त तिच्यात एखादी वस्तू ठेवल्यासारखी दिसते. त्यासाठी बहुतेक वेळा हातातला मोबाइल पुरतो. म्हणून छोट्या उद्योजकाने सुरुवात एआरपासून करावी.

धंदा कुठे आहे?

आयकिया या फर्निचर कंपनीने २०१७ मध्ये 'आयकिया प्लेस' हे अ‍ॅप आणलं. सोफा घरात कसा दिसेल, हे ग्राहकाला मोबाइलवर पाहता येऊ लागलं. तुमच्या गावातल्या फर्निचरवाल्यालाही रोज हाच प्रश्न येतो: "आमच्या हॉलमध्ये हा मावेल का हो?" दुकानदाराला तंत्रज्ञान नकोय, त्याला या प्रश्नाचं उत्तर हवंय. तुम्ही तेच विकायचं.

शिकायचं काय?

१. ब्लेंडर: थ्रीडी मॉडेल बनवण्याचं सॉफ्टवेअर, पूर्ण मोफत. आधी खुर्ची, टेबल, कपाट बनवा.

२. अचूक माप: टेप घेऊन वस्तू मोजा. मॉडेल दोन इंचांनी चुकलं तर ग्राहक घरी नेलेलं कपाट परत आणेल.

३. हलकी फाइल: मॉडेल जड असेल तर साध्या फोनवर उघडायला वेळ लागतो, आणि तोवर ग्राहक निघून जातो.

४. फाइलचे प्रकार: अँड्रॉइडसाठी जीएलबी, आयफोनसाठी यूएसडीझेड. गूगलचं 'मॉडेल-व्ह्यूअर' हे मोफत साधन वापरून मॉडेल वेबपेजवर टाकता येतं. लिंक उघडली की काम झालं, वेगळं अ‍ॅप नको.

हे हातात बसलं की मग युनिटी शिका आणि व्हीआरकडे वळा.

पैसे किती मागायचे?

तास मोजा. समजा, एका सोफ्याला १२ तास आणि दुरुस्त्यांना ३ तास लागले. तासाला ३०० रुपये धरले तर १५ तासांचे ४,५०० होतात. दुरुस्त्या किती वेळा करून देणार, हे आधीच लिहून द्या आणि अर्धी रक्कम अ‍ॅडव्हान्स घ्या.

एक धोका लक्षात ठेवा

इन्स्टाग्राम-फेसबुकचे एआर फिल्टर बनवायला मेटाचं 'स्पार्क' हे साधन होतं. त्यावर अनेकांची कमाई चालायची. १४ जानेवारी २०२५ ला मेटाने ते बंद केलं आणि बाहेरच्या डिझायनर्सनी बनवलेले फिल्टरही काढून टाकले. दुसऱ्याच्या जागेत दुकान थाटलं की असं होऊ शकतं. म्हणून मूळ ब्लेंडर फाइल स्वतःकडे जपून ठेवा. प्लॅटफॉर्म बदलला तरी मॉडेल आणि कौशल्य तुमचंच राहतं.

या आठवड्याचं काम

ओळखीच्या एका दुकानात जा. एकच वस्तू मोजा, तिचं मॉडेल बनवा आणि मालकाच्या मोबाइलवर, त्याच्याच दुकानात, उघडून दाखवा. त्याने "बाकीच्या वस्तूंचं किती घ्याल?" असं विचारलं की समजा, तुमचा धंदा सुरू झाला!