बिबट्याची हद्द वासाने आखलेली असते

वसई-विरारच्या कोणत्याही गल्लीत सकाळी दिसणारे दृश्य आहे. रस्त्यावरचा कुत्रा उभ्या स्कूटरच्या चाकापाशी थांबतो, बराच वेळ हुंगतो, तंगडी वर करून चार थेंब सोडतो आणि पुढच्या चाकाकडे वळतो. गाडीचा मालक वैतागतो. कुत्र्याच्या दृष्टीने मात्र ते चाक म्हणजे नाक्यावरचा फलक असतो. आधी येऊन गेलेला कुत्रा नर होता की मादी, ओळखीचा की परका, मादी असेल तर माजावर आहे का, वास ताजा की शिळा, हे सारे त्याला तिथे कळते. नालासोपाऱ्याची गाडी विरारला येऊन उभी राहिली, की तिच्या चाकावर तिकडच्या कुत्र्यांचा वासही आलेला असतो. मग इथला कुत्रा त्यावर आपला वास चढवतो.

वास ओळखणारी कार्यक्षम जनुके माणसात सुमारे ४०० आहेत, कुत्र्यात त्याच्या दुपटीच्या आसपास. त्यामुळे आपण ज्या जगाकडे डोळ्यांनी पाहतो, त्याच जगात बहुतेक सस्तन प्राणी नाकाने वावरतात.

वासाचा एक मोठा फायदा असा, की तो मागे राहतो. हाक मारली की आवाज विरून जातो, अंधारात खाणाखुणा दिसत नाहीत. वास मात्र प्राणी निघून गेल्यावरही त्याच्या वतीने बोलत राहतो. जवळची नातीसुद्धा वासावरच जुळतात. शेळी व्यायल्यावर पहिल्या काही वेळात करडाला चाटते आणि त्याचा वास मनात पक्का करते. नंतर दुसऱ्या शेळीचे करडू आचळाला लागले, तर ती त्याला ढुशी मारून बाजूला करते. जन्मानंतर लगेच करडू दूर नेले आणि काही तासांनी परत आणले, तर आपल्याच पिल्लाला ती परके समजू शकते.

एकट्याने राहणाऱ्या प्राण्यांना तर वासाशिवाय व्यवहारच करता येत नाही. बिबट्या त्यातलाच. शेजारच्या बिबट्याशी समोरासमोर गाठ पडली तर झुंज होण्याचा धोका, आणि जखमी शिकारी उपाशी मरतो. म्हणून तो झाडाच्या खोडावर शेपटी उंच करून मूत्राची पिचकारी मारतो, मागच्या पायांनी जमीन खरवडतो, गाल घासतो, पायवाटेच्या मध्यावर विष्ठा ठेवतो. ‘इथे मी राहतो’ एवढा निरोप त्यातून शेजाऱ्याला पोहोचतो आणि बरीच भांडणे भेट न होताच मिटतात.

हा निरोप वाचायला खास इंद्रिय असते. टाळूच्या वर असलेल्या या इंद्रियाला जेकबसनचे इंद्रिय म्हणतात. घरातले मांजर एखादी जागा हुंगून तोंड अर्धवट उघडे ठेवते आणि वरचा ओठ आक्रसून विचित्र चेहरा करते, तेव्हा ते हवेतले रेणू या इंद्रियाकडे ओढत असते. वाघ-बिबटेही हेच करतात. प्रौढ माणसात हे इंद्रिय काम करत नाही.

या निरोपाचे रसायनशास्त्र उलगडण्यात एका भारतीय शास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील रतनलाल ब्रह्मचारी यांनी वाघाच्या या फवाऱ्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. ओडिशात सिमलीपालचे वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी सांभाळलेल्या ‘खैरी’ या वाघिणीमुळे त्यांना जवळून निरीक्षण करता आले. वाघाच्या फवाऱ्याला बासमती भातासारखा वास येतो, आणि ज्या रेणूमुळे तो येतो, तोच रेणू बासमतीत आणि आपल्या आंबेमोहोरातही असतो, हे पुढे सिद्ध झाले. या द्रवात स्निग्ध पदार्थही असतात. अत्तर करणारे जसे उडून जाणारा सुगंध चंदनाच्या तेलात धरून ठेवतात, तसे हे स्निग्ध पदार्थ वास हळूहळू सोडतात. त्यामुळे निरोप बरेच दिवस टिकतो. पाऊस-वाऱ्याने तो फिका पडतो, म्हणून प्राण्याला हद्दीवर पुन्हा पुन्हा फेरी मारावी लागते. फेरी थांबली, की जागा मोकळी झाल्याचे शेजाऱ्यांना कळते.

वसईकरांसाठी हा विषय पुस्तकी नाही. शहराच्या पूर्वेला तुंगारेश्वर अभयारण्य आहे, खाडीपलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा नागला भाग आहे, आणि दोन्हीकडे बिबटे आहेत. २००९ साली नगर जिल्ह्यात टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीत पडलेल्या एका बिबट्याला वन विभागाने बाहेर काढले. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय यांच्या पथकाने त्याला जीपीएस पट्टा बांधला आणि माळशेज घाटात सोडले. ‘आजोबा’ नाव मिळालेला हा नर महिन्याच्या आत सुमारे १२० किलोमीटर चालला. कसाऱ्याजवळून, वसईच्या औद्योगिक पट्ट्यातून, वसई-दिवा रेल्वेमार्ग ओलांडून आणि खाडीचे पाणी पोहून तो नागल्याच्या जंगलात पोहोचला. वाटेत त्याने एकाही माणसावर हल्ला केला नाही. डिसेंबर २०११ मध्ये महामार्गावर वाहनाच्या धडकेत त्याचा मृत्यू झाला.

त्यानंतर २०२४ च्या मार्चअखेरीस वसई किल्ल्याच्या परिसरात बिबट्या दिसला. किल्लाबंदर, पाचूबंदरच्या लोकांची रात्रीची ये-जा धास्तीची झाली. एप्रिलमध्ये तो पिंजऱ्यात सापडेपर्यंत सगळ्यांची एकच मागणी होती : त्याला पकडून लांब सोडा. भरवस्तीला लागून असलेल्या आणि जंगलापासून तुटलेल्या किल्ल्यात ही मागणी समजण्यासारखी होती. पण जंगलाच्या कडेला बिबट्या नुसता दिसला तरी हाच उपाय करायचा का, हा वेगळा प्रश्न आहे.

त्याचे उत्तर जुन्नरने महागात घेतले. तिथे २००१ पासून मोठ्या संख्येने बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्यात आले. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. नंतर ते सरासरी १७ वर गेले. पकडलेला बिबट्या जिथे सोडला जातो, तिथे आधीच दुसऱ्याची हद्द आखलेली असते. धास्तावलेला, वाटा माहीत नसलेला हा प्राणी भटकत राहतो. इकडे त्याची मूळ जागा रिकामी पडते, आणि तिथे बहुतेकदा एखादा तरुण, त्या गावच्या माणसांची सवय नसलेला बिबट्या येतो. गावाला ठाऊक झालेला बिबट्या जातो आणि अनोळखी येतो. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या २०११ च्या मार्गदर्शक सूचनांतही सरसकट पकडापकडी टाळण्यावर भर आहे. माणसावर हल्ला करणाऱ्या बिबट्याची गोष्ट अर्थातच निराळी.

बिबट्याला वस्तीकडे आणणारे आमिष कमी करणे मात्र आपल्या हातात आहे. उघड्यावर टाकलेले मटण-मासळीचे अवशेष आणि हॉटेलचे उष्टे यांवर कुत्रे आणि डुकरे पोसली जातात, आणि कुत्रा हे बिबट्याचे सोपे भक्ष्य आहे. कचरा वेळेवर उचलला गेला, तर निम्मे काम होते. तुंगारेश्वरच्या पायथ्याच्या पाड्यांवर शेळ्या-कोंबड्या रात्री बंद गोठ्यात-खुराड्यात असाव्यात. अंधार पडल्यावर मुलांना एकटे बाहेर सोडू नये, शौचाला जाताना सोबत आणि विजेरी असावी. बिबट्या दिसलाच, तर गर्दी करू नये, मोबाइलवर चित्रीकरणासाठी मागे लागू नये. त्याला निघायला वाट द्यावी आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. कोंडीत सापडलेला बिबट्या सर्वांत धोकादायक असतो. वाट मिळाली, तर तो सहसा आपल्या हद्दीकडे निघून जातो.