मोटारीचे दार आणि खर्जाची तार

मनमाडहून औरंगाबादेकडे लोहमार्ग होण्यापूर्वी वेरूळची लेणी पाहू इच्छिणारे प्रवासी नांदगावच्या स्थानकावर उतरत आणि उरलेली मजल तेथील गाड्याघोड्यांनी गाठीत. तेव्हापासून लांबच्या रस्त्याशी या तालुक्याच्या गावाचे जे नाते जडले, ते वाहने बदलली तरी सुटलेले नाही. जिल्हा कचेरीतील कामासाठी शंभरावर किलोमीटरचे नाशिक, बाजारहाटासाठी मालेगाव, सोयऱ्याधायऱ्यांकडे चाळीसगाव, असे हेलपाटे ज्याच्या नशिबी नित्याचे आहेत, त्याला स्वस्थपणे गाणे ऐकण्याचा वेळ घरापेक्षा मोटारीतच अधिक मिळतो. त्या मोटारीतील ध्वनी निर्मळ असावा ही इच्छा म्हणूनच मी चैनीच्या सदरात घालीत नाही. आणि मध्यम ऐपतीच्या माणसालाही ती पुरी करता येते, मात्र खर्चाचा क्रम त्याने नीट लावला पाहिजे.

सामान्यतः हा क्रम अगदी उलटा लागलेला आढळतो. आधी मोठ्या पडद्याचा टेप येतो, मग डिकीत बेसट्यूब बसते, मग मागच्या फळीवर लांबट स्पीकर चढतात, आणि ज्या पुढच्या दारांतून गाण्याचा मुख्य ओघ कानांवर यावयाचा, ती दारे कारखान्यातून आली तशीच, पोकळ आणि खडखडणारी राहतात. माझे मत असे की, पहिली तरतूद या दारांसाठी झाली पाहिजे, आणि त्याचे कारण आपल्या संगीताच्या स्वरूपातच आहे.

काळी एक या पट्टीत गाणाऱ्या पुरुष गायकाचा मध्य षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा असतो, आणि त्याच्यामागे झंकारणाऱ्या तंबोऱ्याच्या खर्जाच्या तारेचा स्वर त्याच्या बरोबर निम्मा, म्हणजे सुमारे ६९ हर्ट्झचा. ख्याल, अभंग, नाट्यपद किंवा भावगीत ऐकणाऱ्याला याच्या फार खाली उतरण्याचे प्रयोजन क्वचितच पडते. साडेसहा इंची साधा स्पीकर, त्याच्यामागचे दार नीट बंदिस्त असेल तर, या मर्यादेपर्यंत बऱ्यापैकी पोहोचतो. म्हणजे ज्या गांभीर्यासाठी लोक बेसट्यूबवर पैसा घालतात, त्यातील आपल्या उपयोगाचा बहुतेक अंश दारातच दडलेला असतो. जुन्या तबकड्यांच्या रसिकांनी आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी: विद्युत्-मुद्रण येण्यापूर्वी, म्हणजे साधारणतः १९२५ पर्यंत, कर्ण्यात गाऊन जी मुद्रणे झाली, त्यांत खालचा ध्वनी मुळातच फारसा उतरलेला नाही, आणि कोणत्याही यंत्राने तो नव्याने उत्पन्न होणार नाही.

आता या दाराची रचना पाहू. स्पीकरचा पडदा पुढे सरकतो तेव्हा समोरची हवा दाबली जाते आणि त्याच क्षणी मागची विरळ होते. म्हणजे त्याच्या दोन्ही बाजूंनी परस्परविरुद्ध लाटा निघतात, आणि त्या एकमेकींना भेटल्या की नाहीशा होतात. खालच्या स्वरांच्या लाटा लांब असल्याने ही हानी त्यांनाच सर्वाधिक सोसावी लागते. मोटारीच्या दाराच्या आतल्या पत्र्याला दुरुस्तीसाठी मोठी भोके ठेवलेली असतात आणि त्यांवर बहुधा नुसता प्लॅस्टिकचा कागद चिकटवलेला असतो. अशा दारातील स्पीकर म्हणजे कूस फुटलेला डग्गा होय. ही भोके ॲल्युमिनियमच्या पत्र्याने अथवा जाड डॅम्पिंग शीटने बुजवावीत, आणि बाहेरच्या पत्र्याच्या आतल्या अंगाला, मधला साधारण अर्धा भाग व्यापेल इतकी, ब्यूटिल रबराची शीट रोलरने दाबून बसवावी. सबंध पत्रा मढविण्याने खर्च आणि वजन वाढते, त्या मानाने लाभ वाढत नाही. डांबरी शीट स्वस्त मिळते, परंतु चाळीस अंशांच्या वर जाणाऱ्या आपल्याकडच्या उन्हाळ्यात ती मऊ पडून ओघळते आणि गाडीभर वास सुटतो. ती घेऊच नये. दाराच्या तळाशी पावसाचे पाणी निघून जाण्यासाठी जी छिद्रे असतात ती मात्र कदापि बुजवू नयेत, अन्यथा पत्रा आतून गंजेल. स्पीकरखालची रिंगही याच कारणाने मरीन प्लायची किंवा प्लॅस्टिकची असावी. एमडीएफ ओलाव्याने फुगते.

स्पीकरमध्ये ज्याला कंपोनंट म्हणतात तो प्रकार, म्हणजे दारात वूफर आणि आरशाजवळच्या कोपऱ्यात वेगळा ट्वीटर, पुढच्या बाजूसाठी उत्तम. कारण ट्वीटर वर असल्यामुळे गवयाचा आवाज गुडघ्यापाशी न राहता समोरच्या काचेच्या उंचीवर येतो. मागचे स्पीकर आहेत तेच राहू द्यावेत.

खोक्यावरच्या वॅटच्या आकड्यांविषयी थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण गिऱ्हाइकाची सर्वाधिक दिशाभूल येथेच होते. टेपवर ‘५० वॅट गुणिले ४’ असे छापलेले असते. इंजिन चालू असताना गाडीतील विजेचा दाब सुमारे १४.४ व्होल्ट, आणि मोटारीच्या स्पीकरचा रोध बहुधा ४ ओहम, १४.४ चा वर्ग करून त्याला ४ ने भागले की ५१.८ येतात, आणि छापील आकड्याचा उगम तेथे आहे. परंतु एवढी शक्ती मिळविण्यासाठी ध्वनीच्या तरंगाचे माथे पूर्णपणे छाटून तो चौकोनी करावा लागतो, आणि तसा ध्वनी नुसता कर्कश असतो. शुद्ध तरंगाच्या हिशेबाने ही मर्यादा २६ वॅटच्या आसपास येते, आणि आतली घट वजा जाता अठरा-वीस वॅट पदरात पडतात. तेवढेही मोटारीसारख्या लहान जागेत बरेच काम करतात. शक्ती दुप्पट केल्याने ध्वनी केवळ ३ डेसिबलने चढतो. म्हणून ८७ डेसिबल संवेदनक्षमतेच्या स्पीकरऐवजी ९० चा निवडला, तर दुप्पट शक्तीचा अँप्लिफायर बसविल्याइतकाच फरक पडतो. खोक्यावरचा हा आकडा आवर्जून वाचावा, आणि वॅटमध्ये ‘आरएमएस’ लिहिलेलाच तेवढा खरा मानावा.

पंधरा हजार रुपये मंजूर आहेत असे धरले, तर माझ्या अंदाजपत्रकात पुढच्या दोन दारांच्या कामाला तीन हजार, कंपोनंट स्पीकरला पाच, आणि रिंगा, तार व मजुरी यांना दीड हजार पडतील. साडेपाच हजार शिल्लक राहतील आणि ते तूर्त खर्ची घालू नयेत. जोडणी तयार कपलरने करून घ्यावी. मूळ तारा तोडल्या की गाडीच्या वॉरंटीचा वाद उद्भवू शकतो.

त्यानंतर दोन गोष्टी विनामूल्य करता येतात. गाण्याच्या ॲपमधील दर्जाचा पर्याय सर्वांत वरचा ठेवावा, आणि पेनड्राइव्हवर पुनःपुन्हा रूपांतर होऊन निःसत्त्व झालेली गाणी ठेवू नयेत. एमपी३ असेल तर सेकंदाला ३२० किलोबिटची असावी. दुसरी गोष्ट कालसमायोजनाची. चालकाला उजवा स्पीकर डाव्यापेक्षा सुमारे अर्धा मीटर जवळ असतो, आणि ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; म्हणून उजव्याचा ध्वनी जवळजवळ दीड मिलिसेकंद आधी पोहोचतो आणि सगळी मैफल उजव्या दाराकडे कलते. टेपमध्ये टाइम अलाइनमेंटची सोय असल्यास उजव्या बाजूला तेवढा विलंब द्यावा. गवई समोर येऊन बसतो.

महिनाभर नेहमीचे रस्ते करून पाहावेत. वाऱ्याच्या आणि टायरच्या घोंगावण्यात तबल्याचा बायाँ बुडत असेल, अथवा आवाज चढविताच गळा चिरल्यासारखा लागत असेल, तरच राखलेल्या रकमेत भर घालून चार चॅनेलचा अँप्लिफायर घ्यावा. त्याची तार निखळ तांब्याची असावी, तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची नव्हे. बॅटरीपासून हातभर अंतराच्या आत फ्यूज असावा, कारण तार घासून पत्र्याला टेकली तर आग लागू नये म्हणून तोच एक पहारेकरी असतो. आणि अर्थिंग रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यावर घट्ट आवळलेले असावे. इंजिनाची गती वाढविताच स्पीकरमधून बारीक शीळ चढू लागली, तर अर्थिंग सैल आहे किंवा सिग्नलची तार विजेच्या तारेला खेटून टाकली आहे असे समजावे, आणि तो दोष दुरुस्त करून घेतल्यावाचून दुकानातून गाडी हलवू नये.