वाघाचा साक्षीदार

व्याघ्रगणनेचे आकडे प्रसिद्ध झाले की वृत्तपत्रांतून समाधानाचा सूर उमटतो. २०२२ च्या गणनेनुसार देशात सुमारे ३,६८२ आणि महाराष्ट्रात ४४४ वाघ असल्याचा अंदाज आहे. परंतु आकडा कोणताही असो, तो कोणत्या पुराव्यावर उभा आहे, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने प्रथम विचारावयास हवे. वाघापुरता या प्रश्नाचा माग काढू लागले असता आपण शंभर वर्षे मागे, फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन या जवळजवळ विस्मृत अधिकाऱ्यापाशी येऊन पोहोचतो.

चॅम्पियन १८९३ मध्ये जन्मले. वडील कीटकशास्त्रज्ञ होते. बंधू हॅरी पुढे भारतीय वनांच्या वर्गीकरणामुळे ख्यातनाम झाले. फ्रेडरिक १९१३ साली भारतात आले ते पोलीस अधिकारी म्हणून. पूर्व बंगालात तीन वर्षे काढल्यावर ते सैन्यात दाखल झाले आणि पहिल्या महायुद्धात वायव्य सरहद्दीवर त्यांनी सेवा केली. युद्ध संपल्यावर त्यांनी संयुक्त प्रांताच्या वनखात्यात नोकरी धरली. त्या काळी साहेबाची प्रतिष्ठा दिवाणखान्यातील व्याघ्रचर्मांवरून मोजली जात असे. युद्ध पाहून आलेल्या या माणसाने मात्र शिकारीकडे पाठ फिरवून कॅमेरा हाती घेतला.

त्यांची पद्धत साधी, पण चिकाटीची कसोटी पाहणारी होती. शिवालिकच्या पायथ्याच्या अरण्यात वाघाच्या नित्याच्या वाटेवर बारीक तार ताणून ठेवावयाची. तारेला वाघाचा स्पर्श होताच प्रकाशचूर्ण पेटून त्याचे चित्र आपोआप टिपले जाई. १९२५ च्या ऑक्टोबरात लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकाने ही छायाचित्रे मुखपृष्ठावर झळकविली. या चित्रांवरून चॅम्पियन यांनी दाखवून दिले की, प्रत्येक वाघाचे पट्टे निराळे असतात आणि त्यांवरून तो ओळखता येतो. जगातील पहिले बोटांच्या ठशांचे कार्यालय १८९७ मध्ये बंगालातच, कलकत्त्याला, निघाले होते. त्याच बंगालच्या भूमीवर पोलीस म्हणून वावरलेल्या या गृहस्थाने पुढे वाघाची ओळख पटविण्याचे साधन शोधावे, हा योगायोग लक्षणीय आहे.

चॅम्पियन केवळ चित्रे काढून थांबले नाहीत. बंदुकांचे परवाने मर्यादित करा, राखीव जंगलात मोटारींना मज्जाव करा, वन्य प्राणी मारल्याबद्दलची सरकारी बक्षिसे कमी करा, असा आग्रह त्यांनी धरला. यातील अखेरची मागणी अर्थशास्त्रीयदृष्ट्या विशेष मार्मिक आहे. मेलेल्या वाघाला भाव होता, जिवंत वाघाला किंमत नव्हती. हा व्यवहार उलटविल्याखेरीज नुसता उपदेश व्यर्थ होय, हे त्यांनी ओळखले होते. जिम कॉर्बेट यांनीही बंदुकीऐवजी कॅमेरा उचलण्याच्या प्रेरणेचे श्रेय त्यांच्या चित्रांना दिले आहे.

दुर्दैवाने स्वतंत्र भारताने हा धडा उशिरा गिरविला. अनेक वर्षे पावलांच्या ठशांवरून वाघ मोजले गेले आणि वरिष्ठांना रुचेल तो आकडा अहवालात चढत राहिला. २००५ मध्ये राजस्थानातील सरिस्का प्रकल्पात एकही वाघ उरला नसल्याचे उघड झाले. कागदावर मात्र वाघ सुखाने नांदत होते! त्यानंतरच्या गणनांत स्वयंचलित कॅमेरे आले. पट्ट्यांवरून वाघ ओळखण्याची चॅम्पियन यांची युक्ती, के. उल्हास कारंथ यांनी १९९० च्या दशकात नागरहोळेत तिला संख्याशास्त्राची जोड दिल्यावर, देशाच्या धोरणाचा आधार ठरली.

तथापि, चॅम्पियन ज्या वनखात्याचे अधिकारी होते, त्याच खात्याने वनाश्रित प्रजेचे परंपरागत हक्क आक्रसले होते, हे विसरून चालणार नाही. आजही वाघ वाढल्याचा आनंद शहरवासी उपभोगतो आणि त्याची किंमत मोहफुले वेचावयास पहाटे जंगलात जाणारी चंद्रपूरची शेतमजूर स्त्री प्रसंगी प्राणाने मोजते. वाघ मोजण्यात जी काटेकोर सचोटी आपण आता दाखवितो, तीच हे नुकसान मोजण्यात आणि वेळेवर भरून देण्यात दाखविली पाहिजे. हिशेब एकाच बाजूचा लिहिला, तर तो कितीही अचूक असला तरी खोटाच ठरतो.