कान ऐकतात, मेंदू ओळखतो

लातूरच्या गंजगोलाईत संध्याकाळी उभे राहून पाहा. सोळा रस्ते तेथे एकत्र येतात. विक्रेत्यांच्या आरोळ्या, वाहनांचे भोंगे, दुकानांतली गाणी असा एकच गलबला असतो. तरीही कोणी तुमच्या नावाने हाक मारली, तर ती तुम्हांला चटकन ऐकू येते. नांदेडला रेल्वेस्थानकाजवळ राहणाऱ्या मावशीकडे मुक्कामाला गेलात, तर पहिल्या रात्री गाडीच्या शिट्टीने तुम्ही दचकून उठाल. मावशीच्या घरची मंडळी मात्र गाढ झोपेत! शिट्टी त्यांच्याही कानांत शिरते. मग ती जाते कोठे?

याचे उत्तर मेंदूत आहे. कान हवेतील कंपने टिपतात व त्यांचे विद्युत्संदेश मेंदूकडे धाडतात. त्यांपैकी कशाकडे लक्ष द्यायचे आणि कोणता आवाज कोणाचा, हे मेंदू ठरवतो.

मेंदूची गाळणी

जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली माणसाच्या मेंदूतील विद्युत्लहरींचा आलेख प्रसिद्ध केला. डोक्याच्या त्वचेला लहान चकत्या लावून हा आलेख काढतात. तो काढताना दुखत नाही. कानाशी 'टक्' असा आवाज केला, की सुमारे ५० मिलिसेकंदांनी आलेखात एक लहर उमटते. अर्ध्या सेकंदाने तसाच दुसरा 'टक्' ऐकवला, तर या वेळची लहर बरीच लहान येते. "हे कळले, पुढे काय?" असेच जणू मेंदू म्हणतो.

स्किझोफ्रेनिया, म्हणजे छिन्नमनस्कता, या आजाराच्या अनेक रुग्णांत ही दुसरी लहर पुरेशी लहान होत नाही, असे अमेरिकेतील संशोधकांनी १९८२ मध्ये दाखवले. त्यांची गाळणी सैल असते. म्हणून पंख्याची घरघर, शेजारचे बोलणे, भांड्यांचा आवाज हे सारे एकदम अंगावर येते, असे काही रुग्ण सांगतात.

आवाज आपलाच, पण परका

आता एक प्रयोग करा. स्वतःच्या तळपायाला स्वतःच गुदगुल्या करा. हसू येत नाही ना? हाताला हुकूम देताना मेंदू त्याची एक प्रत स्पर्शाच्या केंद्राकडेही पाठवतो. "हा स्पर्श आपलाच आहे" अशी ती आगाऊ सूचना असते. आपण बोलतो तेव्हा अशीच सूचना ऐकण्याच्या केंद्राला मिळते, आणि स्वतःच्या आवाजाला ते केंद्र कमी प्रतिसाद देते.

स्किझोफ्रेनियात ही सूचना नीट पोहोचत नाही, असे प्रयोगांत दिसले आहे. आपण सर्वच मनातल्या मनात बोलतो. त्या बोलण्यावर 'आपले' हा शिक्का बसला नाही, तर तेच बोलणे परक्याचे वाटू लागते, असे बऱ्याच शास्त्रज्ञांचे मत आहे. अशा रुग्णांच्या मेंदूच्या प्रतिमा घेतल्या, तेव्हा बाहेर कोणी बोलत नसतानाही त्यांच्या मेंदूतील ऐकण्याचे केंद्र जागे झालेले आढळले. म्हणजे रुग्ण सोंग करत नसतो. त्याला खरोखरच ऐकू येते!

बाधा नव्हे, आजार

जगात दर ३०० माणसांमागे सुमारे एकाला हा आजार आहे. बहुधा तो किशोरवयाच्या अखेरीस किंवा विशीत सुरू होतो. शिकण्यासाठी घर सोडून लातूर-नांदेडला येणाऱ्या मुलामुलींचे वय साधारण हेच. अभ्यासामुळे हा आजार होतो असे नव्हे. आनुवंशिकता, मेंदूची वाढ, मनावरील ताण अशी अनेक कारणे त्यात मिसळलेली असतात. पण "बाहेरची बाधा झाली" म्हणून देवऋष्याकडे खेपा घालण्यात महिने जातात, आणि उपचार जितके उशिरा, तितके बरे होणे अवघड. 'देवराई' (२००४) या मराठी चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी अशाच एका रुग्णाची भूमिका केली आहे.

या आजारावर १९५० च्या दशकापासून औषधे आहेत. त्यांनी पुष्कळांचे आवाज कमी होतात किंवा थांबतात. नांदेड व लातूर या दोन्ही ठिकाणी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आहेत. तेथे मनोविकारतज्ज्ञांना भेटता येते. २०२२ मध्ये सुरू झालेल्या 'टेलि-मानस' सेवेचा क्रमांक १४४१६ आहे.

तुमचा एखादा मित्र म्हणाला, "मला कोणीतरी बोलल्याचे ऐकू येते," तर हसू नका आणि वादही घालू नका. त्याच्याजवळ बसा आणि घरातल्या किंवा शाळेतल्या मोठ्या माणसाला त्याच दिवशी सांगा.