लॉ कॉलेज चौकातील संस्था आणि तिचे ज्ञानकोशातील पान

नागपुरात अमरावती मार्गावरील लॉ कॉलेज चौकाला ज्या संस्थेवरून नाव पडले, ती 1925 साली युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉ म्हणून सुरू झाली आणि आज डॉ. बाबासाहेब आंबेडकर विधी महाविद्यालय म्हणून ओळखली जाते; ती ज्या विद्यापीठाची, ते 1923 चे नागपूर विद्यापीठही 2005 पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले आहे. दीक्षाभूमीवर 1964 साली स्थापन झालेल्या डॉ. आंबेडकर महाविद्यालयातही विधी विभाग आहे, आणि मुंबईत वडाळ्याला पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे डॉ. आंबेडकर विधी महाविद्यालय आहे. विकिपीडिया या मुक्त ज्ञानकोशात यांपैकी एकाचे पान लिहू पाहणाऱ्या संपादकाला मजकुराच्या आधी शीर्षकच अडवते.

छापील कोशांना ही अडचण एवढी जाचत नसे. श्रीधर व्यंकटेश केतकरांचे ज्ञानकोश मंडळ नागपुरातच उभे राहिले आणि त्याने काढलेल्या ज्ञानकोशाच्या 23 खंडांत एकदा छापले गेलेले नाव कायम राहिले. 2001 साली इंग्रजीत आणि 2003 साली मराठीत सुरू झालेल्या विकिपीडियात मात्र शीर्षक कधीही बदलता येते, आणि म्हणूनच ते का बदलले याचा हिशेब ठेवावा लागतो.

हा हिशेब ठेवणारी यंत्रणा म्हणजे पुनर्निर्देशन. एखादे पान नव्या नावाकडे हलवले, ज्याला तेथे स्थानांतरण म्हणतात, की जुने नाव सहसा पुसले जात नाही. त्या नावाने शोधणारा वाचक आपोआप नव्या पानावर पोहोचतो आणि पानाच्या डोक्यावर लहान अक्षरांत तो कोणत्या नावावरून आला हे नोंदलेले असते. उदाहरणार्थ, पुढे भारताचे सरन्यायाधीश झालेले मोहम्मद हिदायतुल्ला 1935 ते 1943 या काळात लॉ कॉलेज चौकातील महाविद्यालयात शिकवत होते. त्यांच्या चरित्रात आजचे नाव घालणे म्हणजे त्या काळात नसलेले नाव त्या काळाला चिकटवणे होय. तेथे युनिव्हर्सिटी कॉलेज ऑफ लॉ असेच लिहावे आणि दुवा पुनर्निर्देशनावर सोपवावा, म्हणजे इतिहासही अबाधित राहतो आणि वाचकही भरकटत नाही. नामांतराच्या वादात शहरे वर्षानुवर्षे धुमसतात, आणि येथे एका ओळीच्या पानाने जुने व नवे अशी दोन्ही नावे सांभाळली जातात, ही गोष्ट वाटते त्याहून मोठी आहे. सारख्या नावांच्या संस्थांसाठी निःसंदिग्धीकरण पान असते, ज्यावर प्रत्येकीच्या नावापुढे शहर व मातृसंस्था देऊन वाचकाला वाट दाखवली जाते. महाराष्ट्र राष्ट्रीय विधी विद्यापीठाच्या बाबतीत तर 2014 च्या एकाच अधिनियमाखाली मुंबई, नागपूर व औरंगाबाद अशी तीन विद्यापीठे आल्याने शहराचे नाव हाच त्यांना वेगळे ओळखण्याचा आधार आहे. त्यातल्या औरंगाबाद शहराचेच नाव पुढे छत्रपती संभाजीनगर झाले, आणि नागपूरच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाचा परिसर शहरात नसून वर्धा मार्गाकडच्या वारंगा गावी आहे, हेही पानावर सांगावे लागते.

शीर्षक ठरले की तटस्थतेचा प्रश्न येतो. तटस्थता म्हणजे मत नसणे नव्हे, तर मत कोणाचे हे सांगितल्यावाचून ते न छापणे. मराठीत हे विशेष कठीण जाते, कारण संस्थांविषयीचे मराठी गद्य स्मरणिकेत आणि सत्कार समारंभात वाढलेले आहे: संस्थेची मुहूर्तमेढ रोवली जाते, लावलेल्या रोपट्याचा वटवृक्ष होतो, प्राचार्य पद सांभाळत नाहीत तर भूषवतात. ‘विदर्भातील अग्रगण्य व नामांकित महाविद्यालय’ या वाक्यातील दोन विशेषणे कात्रीखाली गेली की उरते ते स्थापनेचे वर्ष, विद्यापीठाशी असलेले नाते, तीन वा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता. हे कोरडे वाटले तरी प्रवेश घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला हेच हवे असते. डॉ. व बाबासाहेब हे शब्द मात्र संस्थेच्या अधिकृत नावाचा भाग असल्याने राहतात, जरी मराठी विकिपीडियावर स्वतः आंबेडकरांच्या चरित्राचे शीर्षक ‘डॉ.’ वगळून दिलेले असले तरी.

खरी अडचण संदर्भांची आहे. स्थापनेचे वर्ष संस्थेच्या संकेतस्थळावरून घेता येते, परंतु प्रतिष्ठा, दर्जा आणि वाद यांना त्रयस्थ लेखन लागते, आणि मराठी वृत्तपत्रांत महाविद्यालयांविषयी जे येते त्यातले बरेचसे संस्थेनेच पाठवलेले प्रसिद्धिपत्रक असते. म्हणजे संस्थेचे स्वतःविषयीचे मत वृत्तपत्रातून फिरून संदर्भाच्या वेषात परत येते. माजी विद्यार्थ्यांच्या यादीत हा घोळ सर्वांत जास्त होतो. पी. व्ही. नरसिंह राव व शरद बोबडे यांनी नागपुरात कायद्याचे शिक्षण घेतले, पण नागपूर विद्यापीठाची पदवी म्हणजे लॉ कॉलेज चौकातील या एका महाविद्यालयाची पदवी नव्हे, कारण विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये अनेक आहेत. संदर्भात महाविद्यालयाचे नाव स्पष्ट नसेल तर त्या व्यक्तीचे नाव यादीतून उतरवावे लागते. मग उतरवलेले नाव अभिमानी माजी विद्यार्थी पुन्हा चढवतो, अनेकदा संस्थेच्याच नावाने सदस्यखाते उघडून. असे खाते नियमात बसत नाही, पण ते बंद केले की माहिती असलेला एकमेव माणूसही दुरावतो. त्याला चर्चा पानावर येऊन, आपला संबंध उघड करून, जुन्या माहितीपत्रकांचा व विद्यापीठाच्या वार्षिक अहवालांचा पत्ता द्यायला सांगणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी मराठीत वेळ देणारे संपादक फार थोडे आहेत.