पाट्यावरचा भूगोल

गेल्या उन्हाळ्यात परळची आमची जुनी चाळ रिकामी करायची वेळ आली. नव्या घरात काय न्यायचे आणि काय टाकायचे यावर घरात वाद सुरू झाला, आणि तो पाट्यापाशी येऊन अडला. मिक्सर आल्यापासून पाटा मोरीच्या कोपऱ्यात उभा होता. "दगडच तर आहे," आमची नववीतली मुलगी म्हणाली. "कुठला दगड, ते सांग बघू," आजीने विचारले. मुलगी गप्प झाली. गंमत म्हणजे 'महाराष्ट्राचा बराचसा भाग बेसाल्ट खडकाने बनलेला आहे' हे वाक्य तिने नुकतेच परीक्षेत बिनचूक लिहिले होते. दोष तिचा नव्हता. पाट्याकडे बोट दाखवून 'हाच तो बेसाल्ट' असे आम्हीही तिला कधी सांगितले नव्हते. तेव्हा येत्या रविवारी पाट्याचे मूळ गाव शोधायला निघायचे ठरवले.

ओहोटीची वेळ पाहून आम्ही वाळकेश्वरला बाणगंगेच्या मागच्या किनाऱ्यावर गेलो. पाणी मागे हटले की तिथे काळे खडक उघडे पडतात. हा बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी पश्चिम भारतात जमिनीला पडलेल्या भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा बाहेर आला आणि थरावर थर साचत गेले. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या थरांखाली आहे. मुंबईतले थर या घडामोडीच्या उत्तरार्धातले आहेत.

लाव्हा जमिनीवर आल्यामुळे लवकर थंड झाला. स्फटिकांना मोठे व्हायला सवडच मिळाली नाही. म्हणून बेसाल्टचे कण नुसत्या डोळ्यांना सहसा वेगळे दिसत नाहीत. बारीक कण एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने तो कठीण असतो आणि सहज फुटत नाही. पाट्याला, जात्याला नेमका असाच दगड हवा. नाही तर चटणीत कच यायची! मात्र नुसता कठीणपणा पुरत नाही. गुळगुळीत दगडावर मिरची घसरते, म्हणून छिन्नीने त्यावर बारीक खळगे पाडतात. यालाच टाकी लावणे म्हणतात. खळग्यांच्या कडा वाटताना झिजतात आणि काही दिवसांनी पुन्हा टाकी लावावी लागते. पूर्वी टाकी लावणारे चाळीचाळींतून हाक देत फिरत. आजीला ती हाक अजून आठवते.

एका लाव्ह्यानंतर दुसरा येईपर्यंत कधी कधी बराच काळ जाई. त्या अवधीत तळी साचत, गाळ बसत असे. मलबार हिल आणि वरळीच्या टेकड्यांत लाव्ह्याच्या थरांमध्ये असे गाळाचे पातळ थर सापडले आहेत. वरळीच्या थरांत तर लहानशा बेडकांचे जीवाश्म मिळाले. रिचर्ड ओवेन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने १८४७ साली त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. आज हा बेडूक इंडोबॅट्राकस या नावाने ओळखला जातो. ज्या टेकडीवर आज उंच इमारती आहेत, तिथे एके काळी गोड्या पाण्यात बेडूक डरावत होते, हे ऐकून मुलीने पहिल्यांदा वहीत काही लिहिले.

परतताना लालबागला उतरलो. मिरची गल्लीत डंक चालू होते. शिंका देत आम्ही धान्याच्या दुकानाशी आलो. आजीने ज्वारी, तांदूळ आणि नाचणी अशी तीन पिठे घेतली आणि नातीला विचारले, "यातले आपले कुठले?" आजीचे माहेर रत्नागिरीकडचे, सासर सोलापूरकडचे. म्हणजे उत्तर 'तिन्ही'.

गिरणगावात घाट आणि कोकण शेजारी शेजारी राहिले. एकट्या राहणाऱ्या कामगारांना बायका घरगुती खानावळीतून जेवण देत. या बायकांना एकत्र आणून प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले. कुणाला ज्वारीची भाकरी लागे, कुणाला तांदळाची. ही नुसती आवड नव्हती. तिच्या मुळाशी पुन्हा तोच दगड आहे.

सोलापूर भागात वर्षाला साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस पडतो. एवढ्या पावसात बेसाल्ट कुजतो, पण त्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियम फारसे वाहून जात नाही. मातीत माँटमोरिलोनाइट नावाचे खनिज तयार होते. ते पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते, म्हणून उन्हाळ्यात काळ्या रानाला भेगा पडतात. ही माती पावसाचे पाणी धरून ठेवते. पावसाळा सरताना पेरलेली रब्बी ज्वारी त्या ओलीवरच वाढते.

रत्नागिरीला पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. तिथे त्याच बेसाल्टमधली विरघळणारी द्रव्ये धुऊन जातात. बऱ्याच अंशी सिलिकाही जाते. मागे उरतात लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगे. तो तांबडा जांभा. त्याच्यावर पाणी टिकत नाही, माती पातळ. म्हणून उतारावर नाचणी, वरी आणि सखल खाचरांत भात. दगड एक, पाऊस दोन, म्हणून भाकऱ्या वेगळ्या!

शिक्षकांना यातला एक प्रयोग वर्गात सहज करता येईल. मुंबईतल्या अनेक घरांत ओटा कडप्प्याचा असतो. तोही काळा, त्यामुळे मुले त्याला बेसाल्टच समजतात. दगडाच्या दुकानातून कडप्प्याचा फुटका तुकडा आणावा. तो आणि बेसाल्टची खडी हातोडीने वेगवेगळी फोडून (डोळ्यांवर चष्मा हवा) भुकटी करावी आणि दोन्हींवर लिंबाचा रस पिळावा. कडप्प्याच्या भुकटीतून बुडबुडे येतात, कारण तो चुनखडक आहे आणि आम्लामुळे त्यातून कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. बेसाल्टची भुकटी सहसा शांत राहते. ओट्यावर मात्र हा प्रयोग करू नये, डाग पडतो. आमच्या घरी तो पडला आहे.

पुढे मुलांना दोन प्रश्न घरी न्यायला सांगावेत. तुमच्या घरातला सर्वांत जुना दगड कोणता? आणि आजीच्या गावी कुठल्या धान्याची भाकरी होते? उत्तरे महाराष्ट्राच्या नकाशावर मांडली, आणि शेजारी पावसाचा व मातीचा नकाशा लावला, की पुढचे मुलेच बोलतील. आपण थोडे थांबायचे.

पाट्याचे काय झाले? त्या संध्याकाळी आजीने त्यावर लसणीची चटणी वाटली. खळगे झिजल्याने वेळ लागला. टाकी लावणारा अजून सापडलेला नाही. पाटा मात्र नव्या घरी आला आहे. दुसऱ्या मजल्यावरून तो खाली उतरवताना एक बाजू मुलीने धरली होती.